‘लेख मिळाला नाही’ असं म्हणण्याआधी

(महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यास मंडळात, नव्या तुकडीसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला निरोप आला तेव्हा विषय होता ‘संशोधन कसं करावं’. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायला मी अजून लहान आहे. माझा स्वतःचा प्रबंध अर्धाच लिहून झालाय. म्हणून मी आज एकाच कामाबद्दल बोलणार आहे. एखाद्या शोधनिबंधाचं नाव तुम्हाला कळलं, तर त्याचा पूर्ण मजकूर लायब्ररीच्या मदतीने कसा मिळवायचा, एवढंच. काम छोटं आहे, पण ते येत नव्हतं म्हणून मी एकदा भर वर्गात गप्प उभी राहिले आहे. तिथूनच सुरुवात करते.

माझे वडील आडत बाजारात हमाल आहेत. आई दुसऱ्याच्या शेतात कामाला जाते. घरात पदवी घेणारी मी पहिली. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मला बलुतेदारीवर टर्म पेपर लिहायचा होता. गुगलवर एक लेख सापडला. नाव वाचूनच वाटलं, हाच पाहिजे. उघडला तर वर आठ-दहा ओळींचा सारांश, ज्याला आपण ॲबस्ट्रॅक्ट म्हणतो, आणि खाली कुलुपाचं चित्र. त्याखाली डॉलरमध्ये किंमत. मी मोबाईलवर हिशेब केला. रुपयांत ती रक्कम माझ्या महिन्याच्या मेस बिलाच्या आसपास जात होती. मी पान बंद केलं. मनात आलं ते एवढंच, की हे ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी आहे.

मग मी काय केलं? त्या आठ-दहा ओळींवरून पेपरात एक परिच्छेद लिहिला, खाली लेखिकेचं नाव, वर्ष, पृष्ठं सगळं नीट टाकलं. जणू मी तो लेख वाचला आहे. सेमिनारमध्ये मॅडमनी साधा प्रश्न विचारला, “हे फील्डवर्क कुठल्या भागातलं आहे? किती सालचं?” सारांशात ते नव्हतं. मी गप्प. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. मॅडम रागावल्या नाहीत. “पुढच्या वेळी वाचून या,” एवढंच म्हणाल्या. पण मला त्या दिवशी वाटलं की आपण इथे चुकून आलोय.

संध्याकाळी वर्गातली एक मैत्रीण मेसमध्ये भेटली. ती म्हणाली, “अगं, लायब्ररीच्या साइटवरून का नाही उघडलास? आपल्याकडे आहे की ते जर्नल.” तिने तिच्या लॅपटॉपवर चार मिनिटांत तो लेख उघडून दाखवला. पूर्ण पीडीएफ. एक पैसा न देता. मी विचारलं, तुला हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, “बाबांनी. ते प्रोफेसर आहेत ना.”

तिच्यावर माझा राग नाही. तिने मला शिकवलं, हे तिचं चांगुलपणच. पण त्या रात्री एक गोष्ट लख्ख कळली. जिला मेरिट म्हणतात त्यातला एक वाटा जेवताना घरात बोलता बोलता मिळालेल्या अशा माहितीचा असतो. ती माहिती आपल्या घरात नव्हती, कारण ती आपल्या घरापर्यंत कुणी येऊच दिली नाही. म्हणून ती आता आपणच एकमेकांना द्यायची. आजचं माझं बोलणं त्यासाठीच आहे.

आता त्या कुलुपाकडे येऊ.

विद्यापीठाची लायब्ररी प्रकाशकांना पैसे भरून जर्नल घेते. ते पैसे सरकारी तिजोरीतून आणि तुमच्या-माझ्या फीमधून येतात. पण प्रकाशकाची वेबसाइट तुम्हाला नावाने ओळखत नाही, ती संस्थेला ओळखते. विद्यापीठाच्या वायफायवरून गेलात तर इंटरनेटचा पत्ता विद्यापीठाचा दिसतो आणि दार उघडतं. मी त्या दिवशी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून मोबाईलच्या डेटावरून गेले होते. प्रकाशकासाठी मी रस्त्यावरून जाणारी कुणी एक होते. कुलूप त्यामुळे दिसलं.

म्हणून पहिली गोष्ट, कुलूप दिसलं की आधी आपण कुठून आत शिरतोय ते बघा. कॅम्पसवर असाल तर विद्यापीठाचं नेट वापरा. सुट्टीत गावी असाल तर बाहेरून आत शिरायची सोय बहुतेक विद्यापीठांत असते. तिला रिमोट ॲक्सेस म्हणतात. इन्फ्लिबनेटची ‘इन्फेड’ नावाची व्यवस्था त्यासाठीच आहे. त्यासाठी लायब्ररीतून युजर आयडी आणि पासवर्ड घ्यावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीला जाण्याआधी तो घेऊन ठेवा. गावी पोचल्यावर आठवण होते आणि मग महिना वाया जातो.

दुसरी गोष्ट, शोधायचं काय? आपल्यातले बरेच जण लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये लेखाचं नाव टाकतात. उत्तर येतं, शून्य. मग म्हणतात, आपल्याकडे नाही. अहो, कॅटलॉगमध्ये लेखाची नोंद सहसा नसतेच. तिथे पुस्तकांची आणि जर्नलच्या नावांची नोंद असते. लेख हा जर्नलच्या पोटात असतो. ‘काँट्रिब्युशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी’मधला लेख हवा असेल तर आधी त्या जर्नलचं नाव शोधा. ते सापडलं की खंड, मग अंक, मग पृष्ठ. एस.टी. पकडताना आपण आधी फलाट बघतो, मग गाडी. तसंच हे.

त्यासाठी संदर्भ वाचता आला पाहिजे. कुठल्याही पुस्तकाच्या शेवटची संदर्भसूची काढा. एका नोंदीत लेखकाचं नाव, वर्ष, लेखाचं नाव, जर्नलचं नाव, खंड, अंक आणि पृष्ठं असतात. अलीकडच्या लेखांना शेवटी ‘डीओआय’ नावाचा क्रमांकही असतो. दहाच्या आकड्याने सुरू होतो, मग टिंब आणि पुढे लांबलचक मालिका. हा लेखाचा कायमचा पत्ता. वेबसाइट बदलली, प्रकाशक बदलला तरी डीओआय तोच राहतो. तो असेल तर थेट तोच टाका. बाकी शोधाशोध वाचते.

तिसरी गोष्ट, लायब्ररीच्या साइटवर ई-जर्नलची अकारविल्हे यादी असते. त्यात जर्नलच्या नावापुढे कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंतचे अंक आहेत ते लिहिलेलं असतं. हे न बघता लोक परत फिरतात. एकच जर्नल दोन-तीन ठिकाणी असू शकतं. जेस्टोरवर जुने अंक असतात आणि अनेकदा अलीकडची काही वर्षं नसतात, कारण प्रकाशकाने ती स्वतःकडे ठेवलेली असतात. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक जेस्टोरवर मिळतात, नव्या अंकांसाठी त्यांच्या स्वतःच्या साइटची वर्गणी लागते. तेव्हा एका ठिकाणी नाही म्हणजे कुठेच नाही, असं धरू नका.

चौथी गोष्ट, गुगल स्कॉलर. ते साध्या गुगलपेक्षा वेगळं आहे, ते अभ्यासाचा मजकूर शोधतं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ म्हणून एक जागा आहे. तिथे आपल्या विद्यापीठाचं नाव टाकून बघा. नाव सापडलं तर लायब्ररीत उपलब्ध असलेल्या लेखासमोर तशी लिंक दिसू लागते. अनेक निकालांखाली ‘ऑल व्हर्जन्स’ असं लिहिलेलं असतं. तिथे टिचकी मारली की त्याच लेखाच्या इतर प्रती दिसतात. त्यातली एखादी लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या साइटवर मोफत ठेवलेली असते. अनेक जर्नल लेखकांना स्वीकृत हस्तलिखित असं ठेवायची परवानगी देतात. त्यात पृष्ठांकन वेगळं असतं, पण मजकूर बहुतेक तोच. ‘अनपेवॉल’ नावाची एक जोडणी ब्राउझरमध्ये मोफत बसवता येते. कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ती हिरवं उघडं कुलूप दाखवते.

जेस्टोरवर स्वतःचं मोफत खातं उघडलं तर महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, पण वही-पेन घेऊन बसलं की वाचायला कोण अडवतं? आणि शोधगंगा विसरू नका. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात तिथे जमा व्हायला लागले. एखाद्या अभ्यासकाचा लेख मिळत नसेल तर त्यांचा प्रबंध तिथे आहे का बघा. बरेचदा लेख प्रबंधातल्याच एखाद्या प्रकरणातून निघालेला असतो.

आता मी तुम्हाला एक खरी शोधाशोध सांगते.

बाबासाहेबांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध तुम्ही वाचला असेल. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी तो वाचला. तेव्हा ते २५ वर्षांचे होते. जरा विचार करा, तोही एक सेमिनार पेपरच होता. तुम्ही-आम्ही लिहितो तसाच. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या जर्नलमध्ये छापून आला. तेव्हा ते लंडनमध्ये शिकत होते.

माझ्या प्रबंधासाठी मला तो मूळ जागी बघायचा होता. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहेच, मोफत मिळतो, वाचायला पुरेसाही आहे. पण मला मूळ छपाई बघायची होती. अनेक ठिकाणी संदर्भ असा छापलेला दिसतो: इंडियन अँटिक्वेरी, खंड ४१, मे १९१७. मी आमच्या लायब्ररीच्या तळघरात, जुने बांधीव खंड ठेवतात तिथे, चिठ्ठी दिली, खंड ४१. तिथले काका खंड घेऊन आले. उघडला तर त्यावर साल १९१२. बाबासाहेबांचं त्यात काहीच नाही.

मला घाम फुटला. हा संदर्भ मी स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये दिला होता. पाहिलेला नसताना. म्हणजे एम.ए.तली चूक मी पीएच.डी.त पुन्हा केली होती.

काकांनी शांतपणे पहिल्या खंडाचं साल बघितलं. १८७२. दर वर्षी एक खंड. मग बोटांवर मोजायला लागले. १८७२ ला पहिला, १८८१ ला दहावा, १८९१ ला विसावा, १९०१ ला तिसावा, १९११ ला चाळिसावा. मग १९१७ ला? सेहेचाळिसावा. “पोरी, एक्केचाळीस नाही, सेहेचाळीस बघ.” रोमन आकड्यांत ४१ आणि ४६ यांत एका अक्षराचा फरक आहे. कुणीतरी कधीतरी ते एक अक्षर गाळलं आणि पुढच्यांनी मूळ न बघता तेच उतरवून घेतलं. खंड ४६ मध्ये, मेच्या अंकात, तो निबंध होता. त्या पिवळ्या पानावर बाबासाहेबांचं नाव छापलेलं बघून मी किती वेळ तशीच बसले ते मला आठवत नाही. या जर्नलचे जुने खंड आता इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. आज रात्री तुम्हीही बघू शकता.

ही गोष्ट मी दोन कारणांसाठी सांगितली. एक, मोठमोठ्या ठिकाणी छापलेला संदर्भही चुकीचा असू शकतो. लेख सापडला नाही तर आधी संदर्भ तपासा, लेख नाहीच असं ठरवू नका. आणि दुसरं, त्या दिवशी मला मदत केली ती लायब्ररीतल्या एका माणसाने. मी विचारलं म्हणून.

विचारणं. खरी अडचण इथे आहे. संगणकाची नाही.

मी दोन वर्षं लायब्ररीच्या काउंटरवर काही विचारलं नाही. भीती वाटायची की एवढंही येत नाही असं म्हणतील, इंग्रजी चुकेल, कार्ड मागतील, आडनाव बघतील. आपल्या माणसाला मागण्याची लाज नसते, पण मागितल्यावर जे ऐकायला मिळालंय त्याची आठवण असते. पिढ्यान्‌पिढ्यांची असते. त्यामुळे आपण काउंटर टाळतो आणि मोबाईलवर एकट्याने झगडत बसतो.

इथे मला महाड आठवतं. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. कागदावर तळं आपलं झालं होतं. पण लोक बाबासाहेबांबरोबर तळ्यावर चालत गेले ते २० मार्च १९२७ रोजी. मधली चार वर्षं हक्क कागदावरच होता. लायब्ररीचा काउंटर आणि चवदार तळं एका पारड्यात तोलता येत नाहीत, तिथे लोकांनी डोकी फोडून घेतली. पण एवढं शिकता येतं, की मंजूर झालेला हक्क तिथपर्यंत चालत गेल्याशिवाय वापरात येत नाही.

आज असा एक हक्क कागदावर आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळजवळ १३,००० जर्नल, ६,३०० हून अधिक संस्था. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांना याचा लाभ. काम बघतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट. हा पैसा कुणाचा? माझे वडील साबण घेतात, माचिस घेतात, त्यावर कर भरतात. त्यांचाही आहे.

पण ही योजना केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्चशिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रात आपली बहुतेक पोरं खाजगी शिक्षण संस्थांनी चालवलेल्या कॉलेजांत शिकतात. त्यातलं प्रत्येक कॉलेज या यादीत असेल असं नाही. तुमची धाकटी भावंडं अशा कॉलेजात असतील तर त्यांना दोन प्रश्न विचारायला सांगा. आपलं कॉलेज वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये आहे का? नसेल तर एन-लिस्टचं सभासद आहे का? एन-लिस्ट ही कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेटचीच योजना आहे. कॉलेज सभासद असूनही विद्यार्थ्यांना पासवर्ड न दिल्याचं मी स्वतः बघितलंय. अर्ज लेखी द्या. पाच जणांच्या सह्या घ्या. तोंडी विचारलेलं विसरलं जातं, आवक नोंदवहीत चढलेला अर्ज राहतो.

आणि तरीही लेख मिळाला नाही तर? अजून तीन दारं आहेत.

पहिलं, दुसऱ्या लायब्ररीतून मागवणं. दिल्लीचं डेलनेट हे लायब्ररींचं जाळं १९८८ पासून आहे. आपली लायब्ररी सभासद असेल तर आपल्याकडे नसलेला लेख दुसऱ्या सभासद लायब्ररीतून मागवता येतो. सामाजिक शास्त्रांसाठी दिल्लीतच आयसीएसएसआरचं नॅसडॉक आहे. हे अर्ज ग्रंथपालांमार्फत जातात, म्हणून पुन्हा काउंटरवर यावंच लागतं. मागताना अर्धवट माहिती देऊ नका. जर्नल, वर्ष, खंड, अंक, पृष्ठं आणि डीओआय. पूर्ण माहिती दिली की समोरच्याचं काम निम्मं होतं.

दुसरं, स्वतः जाणं. विभागप्रमुखांचं किंवा ग्रंथपालांचं पत्र घेऊन दुसऱ्या विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून वाचता येतं का, ते आधी फोन करून विचारा. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी, मुंबईची एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, अशा ठिकाणी जुन्या अंकांचे साठे आहेत. आणि स्वतःच्या अभ्यासासाठी, संशोधनासाठी रास्त वापराला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्स दुकानावर आणि विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दावा ठोकला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभ्यासक्रमासाठी केलेल्या अशा प्रतींच्या बाजूने निकाल दिला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. विद्यार्थी त्या खटल्यात स्वतः उतरले होते.

तिसरं, लेखकाला पत्र लिहिणं. हे सगळ्यात सोपं आहे आणि याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. जर्नलमधल्या लेखाचे पैसे सहसा लेखकाला मिळत नाहीत. आपला लेख कुणी वाचू इच्छितं याचा बहुतेकांना आनंदच होतो. चार ओळी लिहा. मी कोण, कुठे शिकते, कुठल्या विषयावर काम करते, तुमचा अमुक लेख आमच्या लायब्ररीत उपलब्ध नाही, प्रत मिळाली तर उपकार होतील. जात सांगायची गरज नाही, गरिबी सांगायची गरज नाही. मी आजवर अकरा जणांना लिहिलं, आठ जणांनी पाठवला. एका बाईंनी लेखाबरोबर आणखी दोन लेख पाठवले आणि माझा विषय काय आहे ते विचारलं.

चोरवाटा आहेत, त्या तुम्हाला माझ्याआधी माहीत असतील. मी इथे उपदेश करत नाही. एवढंच सांगते, की कुठलं जर्नल किती उघडलं गेलं याचे आकडे लायब्ररी बघते आणि त्यावरून पुढच्या वर्षी काय ठेवायचं, काय बंद करायचं ते ठरवते. आपण बाहेरून घेतलं तर आपली गरज कुठल्याच नोंदीत येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, या जर्नलला वाचकच नाहीत.

एक इशारा. डेटाबेसमध्ये नाही म्हणजे लिहिलंच गेलं नाही, असं नसतं. आपल्याबद्दल इंग्रजीत लिहिलेलं डेटाबेसमध्ये सापडतं. आपण मराठीत लिहिलेलं फार कमी सापडतं. गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’च्या जुन्या अंकांना डीओआय नाही. ‘सुगावा’च्या अंकांना नाही. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ शासनाने ग्रंथरूपात काढले म्हणून हाताशी आहेत. बाकी कितीतरी अंक कुणाच्या तरी घरात, माळ्यावर, ट्रंकेत आहेत. तुमच्या गावात एखाद्या जुन्या कार्यकर्त्याकडे गठ्ठा असेल तर त्याची नोंद करा, फोटो काढा, जवळच्या लायब्ररीला कळवा. आपल्या पुढच्या मुलीला तो संदर्भ शोधताना शून्य दिसू नये.

आणि सगळं करूनही लेख मिळाला नाही तर प्रामाणिकपणे लिहा, की हे मी अमुक यांच्या पुस्तकातून उद्धृत केलं आहे. त्यात कमीपणा नाही. न वाचलेला लेख वाचल्यासारखा दाखवू नका. आपल्या समाजाबद्दल न बघता, न विचारता, ऐकीव माहितीवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. ती खोडून काढायला आपण इथे आलो. मग आपणही आठ ओळींच्या सारांशावर कुणाबद्दल लिहायचं का?

शेवटी एक मागणी. आज इथे तीसेक जण आहेत. येत्या आठवड्यात प्रत्येकाने लायब्ररीत जाऊन एक लेख शोधायचा. अडलं तर काउंटरवर विचारायचं. मिळाला की आपल्या ग्रुपवर नुसती पीडीएफ टाकू नका, कुठल्या वाटेने मिळाला ते दोन ओळींत मराठीत लिहा. पीडीएफ एकदा वाचली जाते, वाट पुढच्या तुकडीलाही उपयोगी पडते. ज्याला अजिबात जमलं नाही त्याने शनिवारी संध्याकाळी पाच वाजता लायब्ररीच्या पायऱ्यांवर यावं. मी तिथे असेन. आपण दोघं मिळून आत जाऊ.

जय भीम. जय जोती, जय सावित्री.